मॅनेजर कडूबा म्हस्के

कडूबा म्हस्केच्या रागाला दर शनिवारी एक तरी मॅनेजर लागायचा. ऑफिसातला नव्हे, तो बिचारा घरून काम करायचा आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. कडूबाला लागायचा तो फुटबॉलचा. मॅच हरली तर याने सबस्टिट्यूट उशिरा आणला म्हणून, जिंकली तर याला न जुमानता पोरांनी जिंकली म्हणून, आणि बरोबरीत सुटली तर विचारूच नका. इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या स्पोर्ट्स सेंटरमध्ये क्रिकेटची नेट प्रॅक्टिस संपली की कॅफेतलं कोपऱ्यातलं टेबल मराठी मंडळींनी भरायचं. बाकीचे चहा मागवायचे, कडूबा मॅनेजरचा राजीनामा मागायचा. त्याचा क्लब कोणता हे इथे न सांगितलेलंच बरं. सांगितलं तर निम्मे वाचक त्याची बाजू ऐकून न घेताच उठून जातील.

त्याची नोकरी सॉफ्टवेअर तपासण्याची. म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या आणि महिनाअखेर त्याचा पगार घ्यायचा. स्वभाव आधी की नोकरी आधी, हे त्याच्या बायकोला, द्रौपदीलासुद्धा नक्की सांगता यायचं नाही. भोकरदनहून औरंगाबाद, तिथून पुणे आणि पुण्याहून थेट ब्रॅकनेल. हॉलमध्ये बाबासाहेबांचा मोठा फोटो, त्याच्या खाली टीव्ही, आणि टीव्हीसमोर उभा राहून हातवारे करणारा कडूबा, हे दृश्य शेजारच्या म्हाताऱ्या इंग्लिश बाईंच्या परिचयाचं झालं होतं. त्या भिंतीवर टकटक करायच्या. गोल झाला की मात्र करायच्या नाहीत.

पण त्याच्या ओरडण्याला नुसतं ओरडणं म्हटलं तर तो अन्याय होईल. एखाद्या क्लबने वर्षानुवर्षं राबलेल्या डिफेंडरला ‘फ्युचरचा विचार’ म्हणून विकून टाकलं, की कडूबाचं डोकं खरंच फिरायचं. “माणूस आहे का सोफा? नवीन आला की जुना टाकला बाहेर फुटपाथवर!” असं तो म्हणायचा आणि त्या दिवशी त्याला चहा जायचा नाही. त्या डिफेंडरच्या घरी कुणाला वाटलं नसेल एवढं वाईट कडूबाला ब्रॅकनेलमध्ये बसून वाटायचं.

त्या टेबलावर त्याच्या शेजारची खुर्ची हरीश दांडेकरची. हरीश त्यांच्या टीमचा विकेटकीपर, वयाने कडूबापेक्षा थोडा मोठा, बोलायला अगदी बेताचा. कडूबा या देशात आला तेव्हाची गोष्ट. चार मराठी मुलांच्या घरात एक खोली रिकामी होती. फोनवर सगळं ठरलं. बॅग घेऊन दारात उभा राहिल्यावर त्याला पूर्ण नाव विचारलं, मग गाव विचारलं, मग आमच्याकडे देव्हारा आहे, किचनमध्ये जरा पाळावं लागतं, असं काहीबाही सुरू झालं, आणि शेवटी खोली कालच दुसऱ्या कुणाला तरी देऊन झाल्याचं कळलं. बाहेर मरणाची थंडी. त्याच घरात राहणारा हरीश जिन्यावर उभा राहून हे ऐकत होता. तो वर गेला, स्वतःची बॅग भरली आणि खाली आला. “चल, दुसरीकडे बघू,” एवढंच म्हणाला. पुढे दोघं दोन वर्षं एका टेकअवे दुकानाच्या वरच्या ओल्या खोलीत राहिले. त्या दारातल्या प्रसंगावर ते पुन्हा कधीच बोलले नाहीत.

तर असं सगळं बरं चाललं असताना टेबलावर इंद्रजित आला. इंद्रजित बरीच वर्षं शिकागोला काढून आलेला. क्रिकेट बरं खेळायचा, पण जीव त्याचा बेसबॉलवर. कडूबा कुठल्याशा मॅनेजरची सालटी काढत होता, तेव्हा इंद्रजित मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, “बेसबॉलमध्ये हा वाद कधीच संपलाय. प्रत्येक प्लेअरचा एक नंबर असतो. तो नसता आणि त्याच्या जागी ऑर्डिनरी कुणी आणला असता, तर टीम किती मॅचेस कमी जिंकली असती. दॅट्स इट. तीच त्याची व्हॅल्यू.”

“ऑर्डिनरी कुणी म्हणजे कोण?” कडूबाने विचारलं.

“रिप्लेसमेंट रे. असाच कुणीतरी. जवळपास फुकट मिळणारा.”

“फुकट मिळणारा माणूस?” कडूबाने कप खाली ठेवला. “सुपरमार्केटात कुठल्या आइलमध्ये ठेवतात त्याला?”

टेबल हसलं. इंद्रजितही हसला, पण त्याने सोडलं नाही. “मॅनेजरचं काम नंबर बघून टीम लावणं. तुझ्यासारखा इमोशनल मॅनेजर तिकडे आठवडाभर टिकणार नाही, कडूबा.” मग त्याने तिकडच्या कॉलेज फुटबॉलचं रँकिंग सांगितलं. सीझनची पहिली मॅच व्हायच्या आधीच म्हणे यादी लागते. कोच लोक मतं देतात, पत्रकार मतं देतात, कोण पहिला, कोण पंचविसावा.

“एकही मॅच न खेळता?”

“मागचा रेकॉर्ड असतो ना. कॉलेजचं नाव असतं. ट्रॅडिशन असते.”

“म्हणजे जन्मावरूनच की!” कडूबा म्हणाला. या वेळी टेबल जरा कमी हसलं. हरीशने बिस्किटांची प्लेट मधोमध सरकवली आणि विषय बदलला. घरी जाताना गाडीत मात्र कडूबाने तो विषय पुन्हा उकरून काढला, आणि हरीशला उतरवेपर्यंत अमेरिकेतल्या एकाही कॉलेजची त्याने धडगत ठेवली नाही.

वसंत ऋतू लागला तशी तिथल्या मराठी मंडळाच्या क्रिकेट लीगची तयारी सुरू झाली. आसपासच्या गावांतल्या मराठी लोकांच्या टीम्स, रविवारच्या मॅचेस. आधी जो तो आपापल्या गावाकडून खेळायचा. यंदा कुणाच्या तरी डोक्यात आलं की भारतात मोठ्या लीगमध्ये होतो तसा लिलाव करायचा. कॅप्टन चार, प्रत्येकाला सारखे पॉइंट्स, आणि खेळाडूंवर बोली. रेटिंगचं काम आपसूक इंद्रजितकडे गेलं. त्याने स्कोअरिंगच्या ॲपमधले जुने आकडे काढले, त्यावर आपलं बेसबॉलचं गणित चालवलं आणि सगळ्यांच्या ए, बी, सी अशा कॅटेगऱ्या करून ग्रुपवर टाकल्या. हरीश सीमध्ये, अगदी तळाला.

कडूबाच्या अंगाचा तिळपापड झाला. ॲपमध्ये बॅट्समनच्या रन्स असतात, बोलरच्या विकेट्स असतात. विकेटकीपरने उलटसुलट पडून अडवलेले बाइज कुठे असतात? बोलरला हळूच सांगितलेली बॅट्समनची खोड कुठे असते? लेगसाइडचा वाइड जाणारा बॉल अडवताना हरीशचं बोट मोडलं होतं, ते कुठल्या रकान्यात लिहिलंय? मंडळाची सेक्रेटरी मृणाल हिच्या घरी मीटिंग होती, तिथे तो हे सगळं उभं राहून बोलला. आणि मग बसायच्या ऐवजी आणखी बोलला.

“ए, बी, सी! माणसांच्या पायऱ्या लावायला आपल्याला अमेरिकेकडून शिकायची काय गरज आहे? हेच तर केलं आपण पिढ्यान्‌पिढ्या! आणि इथं येऊन, सातासमुद्रापलीकडे, हौसेने परत तेच?”

खोलीत कुणी मान खाजवली, कुणी पोह्यांतले शेंगदाणे निवडले. “स्पोर्ट आहे रे, त्यात कुठे हे आणतोस,” असं एक जण म्हणाला, आणि बाकीच्यांना ते म्हणायला कुणीतरी मिळालं म्हणून हायसं वाटलं. मृणालला खरंच वाईट वाटलं असावं. ती म्हणाली, “कडूबा, पॉइंट चांगला आहे अरे, पण हॉल बुक होऊन बसलाय. असं कर ना, एका टीमचा कॅप्टन तूच हो. कॅप्टन-कम-मॅनेजर. मग तुझ्या टीममध्ये तुला हवं तसं कर.”

संतापलेल्या माणसाने अशा वेळी काय करावं? दार आपटून निघून जावं. कडूबाने एक क्षण दाराकडे पाहिलंसुद्धा. पण इतकी वर्षं जगातल्या यच्चयावत मॅनेजरांना अक्कल शिकवणाऱ्याच्या कानावर ‘मॅनेजर’ हा शब्द स्वतःच्या नावापुढे पडला होता. तो हो म्हणाला. चुकलं ते तिथेच, आणि कुणीतरी हे त्याला तोंडावर सांगायला हवं होतं. हरीशने सांगितलं नाही. तो म्हणाला, “छान झालं.”

मग जे व्हायचं तेच झालं. ज्या कॅटेगऱ्यांवर कडूबा थुंकला होता, त्याच त्याला दात घासताना पाठ म्हणता येऊ लागल्या. सुश्रुत हातचा सोडू नये, पण दुखापतीचा आहे. अमुक ओव्हररेटेड. तमुक बॅट्समन बरा, पण फिल्डिंगला ओझं. आणि सगळ्यांत वर वरद. वरद शेजारच्या रीडिंग गावातल्या युनिव्हर्सिटीत एमएससी करायला आलेला पोरगा, उंच, खांद्यातून असा बॉल टाकायचा की समोरच्याला स्टंप्स मोडल्यावरच कळायचं. कडूबाला वरद हवा होता. एका रात्री जेवताना तो द्रौपदीला म्हणाला, “हरीशचं टेन्शन नाही. त्याला कुणी हात लावत नाही. शेवटी उचलतो बेस प्राइसला.”

“उचलतो म्हणजे?” द्रौपदीने विचारलं. “पिशवी आहे का तो?”

“तुला ऑक्शन कळत नाही,” कडूबा म्हणाला. लिलावाच्या दिवशी गाडीत त्याने हेच हरीशलाही सांगितलं, वर ‘इंद्रजितच्या थोबाडीत मारल्यासारखं होईल’ असंही म्हणाला. हरीश खिडकीबाहेर बघत होता. “बरं,” तो म्हणाला.

कम्युनिटी हॉलमध्ये बायकापोरांसकट सगळे जमले होते. बटाटेवड्यांचा वास, मागे पोरांची पळापळ. स्टेजवर मृणाल, तिच्यासमोर स्टीलच्या डब्यात नावांच्या चिठ्ठ्या आणि हातोडा म्हणून घरचं लाटणं. कॅप्टन लोकांच्या हातात हॉलमधल्याच टेबल टेनिसच्या बॅट्स. बोली लावायची तर बॅट वर करायची. आणि नियम असा की नाव पुकारलं की खेळाडूने उभं राहायचं, बोली संपेपर्यंत. कुणाला हा नियम सुचला कोण जाणे. भल्या घरची शिकलीसवरलेली माणसं एकामागून एक उभी राहत होती आणि आपापल्या बायकोसमोर आपली किंमत होताना हसत होती. कडूबाला हे सगळं दिसत होतं. पण त्याच्या हातात बॅट होती.

डबा रिकामा होत आला. वरदची चिठ्ठी अजून निघाली नव्हती, हे सगळ्या कॅप्टनांच्या डोक्यात होतं. पॉइंट्स उरले होते ते फक्त कडूबाकडे आणि दुसऱ्या एका टीमचा कॅप्टन झालेल्या इंद्रजितकडे. मृणालने चिठ्ठी उघडली. “हरीश दांडेकर! आपले सगळ्यांचे लाडके कीपर!”

हरीश उभा राहिला. कडूबाने ऐटीत बॅट वर केली. आणि पलीकडून इंद्रजितची बॅट वर गेली.

आधी कडूबाला कळेचना. सीमधला, तळाचा, याच गृहस्थाने फुकटात काढलेला माणूस, आणि हाच त्याच्यावर बोली लावतो? मग इंद्रजितच्या ओठांवरचं हसू दिसलं आणि लख्ख कळलं. कडूबा हरीशला सोडणार नाही, हे सबंध हॉलला माहीत होतं. त्याला इथेच रिकामा करायचा, म्हणजे वरद आपला. कडूबाचे कान गरम झाले. बॅट वर. इंद्रजितची बॅट वर. मागून कुणीतरी शिट्टी मारली. पुन्हा वर. पुन्हा वर. हरीश दोन्ही हात पुढे बांधून, लग्नाच्या फोटोत उभं राहतात तसा उभा होता.

आता आणखी एकदा बॅट उचलली तर वरद गेला. कडूबाच्या मनात एक विचार आला आणि तो इतका शहाणा वाटला की त्याने तो पारखूनसुद्धा पाहिला नाही. हरीश कुठे पळून जातोय? तो आपला माणूस, तो समजून घेईल. आणि एवढ्या पॉइंट्सना हरीश... नाही, एवढ्यांना नाही.

त्याने बॅट मांडीवर ठेवली. मृणाल थांबली. तिने कडूबाकडे दोनदा पाहिलं. मग लाटणं टेबलावर वाजलं.

“ओ गॉड!” इंद्रजित ओरडला. “हा माझ्याच गळ्यात पडला की!” हॉल खदखदून हसला. हरीशही हसला आणि खाली बसला.

पुढच्याच चिठ्ठीत वरद निघाला, कडूबाने त्याला घेतला, टाळ्या पडल्या. लपवण्यात अर्थ नाही. थोडा वेळ कडूबा खरोखर आनंदात होता. वरदच्या खांद्यावर हात टाकून त्याने फोटोही काढून घेतला. मग त्याला इंद्रजितचं वाक्य आठवलं, आणि वड्यांच्या टेबलापाशी त्याने त्याला गाठलं.

“गळ्यात पडला म्हणजे काय रे? लाज नाही वाटत? तुझ्या डोक्यात गणित आहे, माणुसकी नावाची चीज आहे का? त्याच्या बोटांना विचार जाऊन, किती वर्षं तो...”

“कडूबा,” हरीश मागून म्हणाला. “इंद्रजितला कशाला बोलतोस? निघू या.”

कार पार्कमध्ये कडूबा बोलतच होता. इंद्रजित असा, इंद्रजित तसा, कमिटी अशी, मृणालचा नियम असा. त्याने गाडी उघडली. हरीश त्याच्या नेहमीच्या बाजूने आत बसला नाही. तो मागे गेला, डिकी उघडली आणि आपली किटबॅग बाहेर काढली. हरीशकडे गाडी नव्हती, म्हणून त्याचे पॅड्स आणि ग्लोव्ह्ज वर्षानुवर्षं कडूबाच्या डिकीतच असायचे. द्रौपदी भाजी ठेवायची ती त्यांच्याच शेजारी.

“राहू दे की. रविवारी आणतो ना मी.”

“रविवारी तुमची मॅच दुसरीकडे आहे,” हरीश म्हणाला.

“अरे, त्याने मुद्दाम वाढवलं रे. तू बघत होतास ना? मी काय करणार होतो?”

हरीशने बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला. त्याचा आवाज चढला नाही, पण कडूबाने तो आवाज कधी ऐकलेला नव्हता. “मला कुणीच घेतलं नसतं ना, तरी मी हसत घरी गेलो असतो. म्हातारा झालो, सोडा, म्हणालो असतो. तू माझी किंमत केलीस, कडूबा. केलीस, आणि जास्त वाटली म्हणून मला परत ठेवून दिलंस.”

तो बस स्टॉपकडे चालू लागला.

कडूबा तिथे उभा राहिला. मग तरातरा हॉलमध्ये परत गेला. इंद्रजित खुर्च्या रचत होता. “वरद तुला घे,” कडूबा म्हणाला. “हरीश मला दे.”

इंद्रजितने वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं. “ए कॅटेगरी देऊन सी? शुअर आहेस?” आणि कडूबाचं मन पालटायच्या आत त्याने हात पुढे केला. “डन!” जवळच वडा खात असलेल्या वरदने खांदे उडवले. “कूल. मला कुठेही चालेल, दादा.”

कडूबा धावत सुटला. इतका तो मैदानात कधी धावला नसेल. स्टॉपवर हरीश एकटाच होता, बॅग पायाशी. “झालं!” कडूबा धापा टाकत म्हणाला. “परत घेतलं तुला! वरद देऊन टाकला. सरळ वरद दिला तुझ्यासाठी!”

हरीशने त्याच्याकडे पाहिलं. “मला विचारलंस?”

“अरे, त्यात विचारायचं काय? आपली टीम...”

“सकाळपासून तूच ठरवतोयस. आधी स्वस्तात घेणार होतास. मग महाग झालो म्हणून सोडलंस. आता अदलाबदल करून आलास. हरीश, तुला कुणाकडून खेळायचंय, हे एकदा तरी विचारायचं ना रे!” शेवटच्या शब्दांना त्याचा आवाज फाटला. रस्त्याच्या टोकाला बस दिसली तसा त्याने हात केला.

“बरं, विचारतो,” कडूबा म्हणाला. “कुणाकडून खेळायचंय?”

“इंद्रजितकडून. मी नको होतो त्याला, पण त्याने तोंडावर सांगितलं.” हरीशने बॅग उचलली. “जा, त्या पोराला परत घेऊन ये. इकडून तिकडे फेकू नका त्याला.”

बस थांबली, हरीश चढला, ड्रायव्हरला थँक यू म्हणाला आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसला. किटबॅग त्याने मांडीवर घेतली होती. त्याने बाहेर पाहिलं नाही. बस वळून दिसेनाशी झाली तरी कडूबा स्टॉपवरच होता. त्याला रडू फुटलं, आणि त्याचाही त्याला भयंकर राग आला.